ऊन दाखवलेली वाळू

संकठा घाट, वाराणसी
२० जुलै २०२५

चि. ईशानीला काशीच्या मामाआजोबाकडून भरपूर आशीर्वाद.

आधी एक 'धप्प'. मग क्षणभर काहीच नाही. मग पाण्याची लांबलचक 'सळ्ळ'. सत्तर वर्षांपूर्वीचा हा आवाज अजून माझ्या कानात आहे. हल्ली कानात दुसरं फारसं काही शिरत नाही, म्हणून तो जास्तच स्वच्छ ऐकू येतो.

माझे वडील तेव्हा रामनगरला नोकरीत होते. तिथल्या चार मराठी घरांतल्या पोरांना एक मास्तर नदीकाठच्या ओसरीवर मराठी शिकवायचे. शिकवायचे म्हणजे कविता म्हणवून घ्यायचे, सगळ्यांकडून एका सुरात. भाद्रपदात पाणी उतरायला लागलं की पुराने खालून पोखरलेला उंच काठ मधूनच नदीत कोसळायचा. आम्ही कडव्याच्या मध्येच थबकायचो. मास्तर म्हणायचे, "चालू द्या. नदी दाद देते आहे." त्यानंतर आयुष्यभर मी इंटर कॉलेजात मुलांना कविता शिकवल्या, पण तशी दाद कुणी दिली नाही.

म्हणून जूनमध्ये तू विचारलंस की, "मामाआजोबा, अस्सीपासून राजघाटापर्यंत सगळा दगडच बांधलेला आहे, मातीचा उघडा काठ कुठे बघायला मिळेल?", तेव्हा माझ्या तोंडून रामनगर निघून गेलं. तू तिथे त्या मातीच्या भिंतीत हातोड्याने तीन लोखंडी नळ्या ठोकल्यास, बाहेर काढून काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळल्यास आणि आमच्या कोठीच्या अंधारात ठेवून चंबळकडे निघून गेलीस. जेवताना तू त्याबद्दल पुष्कळ काही सांगत होतीस. मी मान हलवत होतो. खरं सांगायचं तर मला एकच गोष्ट कळली, की त्या नळ्यांतल्या वाळूच्या कणांनी हजारो वर्षांत सूर्य पाहिलेला नाही. ती दुपार मी त्याच विचारात काढली. बिचारे कण.

तुझी मामीआजी म्हणते, "मशीन लावा ना कानाला, अलमारीत ठेवून कुणाला ऐकवताय?" पण ते मशीन लावलं की देवळातली घंटा पातेल्यासारखी वाजते. आणि फोनवर तू बोलतेस ते मला रेतीवरून चाललेल्या बैलगाडीसारखं ऐकू येतं. तेव्हा पत्रच लिही. चौथीच्या वर्गाला सांगावं तसं अगदी पहिल्यापासून सांग.

हिचा निरोप: कोठी चातुर्मासात लागते, नळ्या किती दिवस राहणार?

तुझा,
अर्धा बहिरा, पूर्ण उत्सुक
बिंदुमामाआजोबा

*

पुणे
४ ऑगस्ट २०२५

ती. स्व. मामाआजोबा, तुम्हाला आणि मामीआजींना नमस्कार. (आधी नमस्कार, नाहीतर पत्र दुरुस्त होऊन परत यायचं.)

चौथीच्या वर्गासाठी सांगते. तुम्ही दोघं आम्हाला नावेतून फिरायला न्यायचात ते आठवा. मामीआजी एका टोकाला बसल्या की ते टोक खाली जायचं आणि दुसरं जरासं वर उचललं जायचं. आपल्या पायाखालच्या खडकाचं तसंच काहीसं आहे. भारत वर्षाला दोन-तीन बोटं उत्तरेकडे सरकतो आणि हिमालयाखाली शिरतो. हिमालय म्हणजे त्या टोकाला बसलेलं वजन. त्याच्या पुढ्यात जमीन दबून खोलगट झाली आणि नद्यांनी ती गाळाने भरली. तेच आपलं गंगेचं मैदान. आणि पार दक्षिणेच्या बाजूला, काशीच्या आसपास, तीच जमीन किंचित उचललेली आहे. ही नाव अजून थांबलेली नाही. डोलतेच आहे, फक्त इतकी सावकाश की आपल्याला पत्ता लागत नाही.

आता गंमत बघा. बिहारात कोसी झोपेत कूस बदलावी तशी पात्र बदलते, गावंच्या गावं इकडची तिकडे होतात. गंगा मात्र काशीला जागची हलत नाही. ती खोल रुतून बसली आहे. म्हणून काठ उंच, म्हणून त्या काठावर इतकी जुनी वस्ती, म्हणून घाटांना इतक्या पायऱ्या. माझा प्रश्न एवढाच आहे, की ती रुतली का? खालून जमीन वर आली म्हणून? की पाऊसपाणी बदललं, तिला जोर आला आणि तिनेच खोदलं? मला वाटतं जमीन उचलली गेली. माझे मार्गदर्शक देवव्रत सर म्हणतात पाऊस. सर तीन शब्दांपेक्षा जास्त बोलत नाहीत. मला म्हणाले, "काठाचं वय आणा."

ते वय तुमच्या कोठीत आहे. काठाच्या वरच्या भागातली वाळू ही गंगेने तिथे टाकलेली शेवटची वाळू. त्यानंतर तिला तेवढं वर चढताच आलं नाही. ती कधी गाडली गेली ते कळलं की गंगा कधी खोल गेली ते कळेल. वाळूचा कण मातीखाली गेला की आजूबाजूच्या मातीतून त्याच्यात थेंब थेंब काहीतरी साठत राहतं, पिंडीवरच्या अभिषेकपात्रातून पाणी गळावं तसं. प्रयोगशाळेत आम्ही मोजतो की घागर किती भरली आहे. पण ही घागर फक्त अंधारात भरते. कणाला ऊन लागलं की ती तिथल्या तिथे रिकामी होते. मग त्याचं वय शून्य. म्हणून त्या नळ्या काळ्या प्लास्टिकमध्ये आहेत आणि म्हणून कोठी.

प्रयोगशाळेत माझी पाळी ऑक्टोबरात आहे आणि माझी नोंदणी डिसेंबरात संपते. सगळा प्रबंध या तीन नळ्यांवर उभा आहे. मामीआजींना सांगा, बाकी काही करू नका, नुसत्या पडू द्या.

तुमची
ईशानी

*

संकठा घाट, वाराणसी
२ सप्टेंबर २०२५

चि. ईशानी, खुशाल असशीलच.

तुझं उत्तर अजून आलेलं नाही. यात तुझा दोष नाही. गल्लीच्या तोंडाशी पाणी, डाकिया येणार कुठून? यंदा बाढ दोनदा आली. घाटावरच्या पायऱ्या दिसेनाशा झाल्या, आरती छतावर करावी लागली. आपलं बिऱ्हाड वरच्या मजल्यावर म्हणून आम्ही कोरडे राहिलो, पण भिंतींना सीलन अशी चढली की पंचांगाची पानं एकमेकांना चिकटली. गणपतीच्या दिवशी पहिल्यांदा खरं ऊन पडलं.

आता एक आनंदाची बातमी. तुझ्या नळ्यांची काळजी करू नकोस. कोठीत ओल आली होती. मामीआजीने बघितलं तर काळ्या प्लास्टिकच्या आत पाणी, टोकांना बुरशी, वास मारतोय. ती कोठीतली हरभऱ्याची डाळ, गोधड्या, पापडाचे डबे सगळं ऊन दाखवायला छतावर नेत होती. मी म्हटलं, "ईशानीने अंधारात ठेवायला सांगितलंय." ती म्हणाली, "अंधारात ठेव म्हणाली, सडव नाही म्हणाली. लोणचंपण अंधारातच ठेवतो ना आपण? बुरशी आली तर काय करतो?" आणि मलाही वाटलं, ज्या कणांनी हजारो वर्षं सूर्य पाहिला नाही त्यांना चार दिवस ऊन मिळालं तर चांगलंच की.

तीन नळ्या, तीन ताटं. एकीची वाळू दुसरीत जाऊ दिली नाही हो. प्रत्येक नळीवरची तुझी चिठ्ठी त्या ताटाशेजारी, तिच्यावर खडा. वर पातळ मलमल. माकडं फार आहेत, म्हणून मी स्वतः काठी घेऊन राखण करत बसलो आणि त्या कणांना शाळेतल्या कविता म्हणून दाखवल्या. किती दिवसांनी असा ऐकणारा वर्ग मिळाला. वाळू अशी मोकळी झाली की रव्यासारखी बोटांतून सांडत होती. मग नळ्या चिंचेने घासून लख्ख केल्या, वाळू परत भरली, नवं काळं कापड शिवून घातलं आणि तुझ्या सांगण्याप्रमाणे परत अंधारात ठेवल्या.

ही म्हणते, "लिहा तिला, म्हणावं आता वर्षभर काही होत नाही."

तुझा राखणदार
बिंदुमामाआजोबा

*

पुणे
१३ सप्टेंबर २०२५

मामाआजोबा,

पत्र मिळालं. माझं आधीचं तुम्हाला पोचलं नसणार. पोचेल तेव्हा तुम्हाला कळेल, म्हणून मीच आधी लिहिते.

त्या वाळूचं वय आता काढता येणार नाही. ऊन लागलं की सगळं पुसलं जातं. यात तुमची चूक नाही. मीच तुम्हाला जेवता जेवता सांगितलं, लिहून ठेवायला हवं होतं.

सरांना सांगितलं. "बरं" म्हणाले आणि बराच वेळ चष्मा पुसत बसले. पुन्हा काशीला जाते म्हटलं असतं, पण आई न्हाणीघरात पडली. खुब्याचं ऑपरेशन झालं आहे. तिला उठवायला-बसवायला मीच आहे. आणि पुराने तो काठ तसाच ठेवला असेल याचीही खात्री नाही. काशीचं प्रकरण गाळून चंबळवर जे आहे त्यात निभावतं का ते बघते. नाही निभावलं तर एका शाळेत भूगोल शिकवायची जागा आहे. शिकवणं वाईट नाही, तुम्हीच म्हणता.

मामीआजींना सांगू नका. त्यांनी मायेनं केलं. खरंच सांगू नका.

ईशानी

*

संकठा घाट, वाराणसी
२४ सप्टेंबर २०२५

चि. ईशानी,

तुझी दोन्ही पत्रं एकाच दिवशी आली. ऑगस्टमधलं भिजून फुगलेलं, सप्टेंबरमधलं कोरडं. आणि तुला आमच्या घरचा रिवाज ठाऊक नाही. टपाल आधी तुझी मामीआजी फोडते. पूर्ण वाचते. मग मला देते. चाळीस वर्षं असंच चाललं आहे.

मी देवापुढे बसलो होतो. ती आली, दोन्ही पत्रं माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, "घ्या. मला सांगायचं नाहीये."

त्या दिवशी ती जेवली नाही. तुझ्या आईच्या, आपल्या वीणाच्या खुब्याचं वाचून एकदा रडली, पण ते फक्त वीणासाठी नव्हतं. संध्याकाळी छतावर वाळत घातलेले कपडेसुद्धा तिने काढले नाहीत. मी काढायला गेलो तर म्हणाली, "राहू दे. उन्हाचं नाव नको." मी तिची समजूत घालायला म्हटलं, "तुला तिने नावेत बसलेला हिमालय म्हटलंय, वाचलंस ना?" एरवी यावर तिने मला घरातून काढलं असतं. आता नुसती म्हणाली, "हिमालयच. पोरीच्या उरावर बसले."

दुसऱ्या सकाळी देवीचं दर्शन घेऊन आली ती पदर खोचूनच. म्हणाली, "वाळूच पाहिजे ना तिला? वाळू तिथेच आहे ना अजून? चला." तू म्हणालीस काठ राहिला असेल की नाही कोण जाणे. निदान ते तरी बघून कळवू, असा माझा हिशेब. टोटो केली, म्हणजे इकडची बॅटरीची रिक्षा. रामलीलेचे दिवस, टोटोवाल्याला वाटलं म्हातारा-म्हातारी लीला बघायला निघालीत. पुलावर त्याने विचारलंच, "आज तो धनुषयज्ञ नहीं है बाबा, आज क्या देखिएगा?" ही म्हणाली, "मिट्टी." त्याने टोटो पुढे दामटली.

तुझी जागा गेली, ईशानी. तू जिथे नळ्या ठोकल्यास तो सगळा काठ नदीने नेला. खाली ढिगारा पडला आहे. त्याच्यामागे मात्र ताजी भिंत उघडी पडली आहे, वही-पुस्तकाला घातलेलं कव्हर नुकतंच काढावं तशी. टोटोवाला ओरडत होता, "बाबा, नगीचे मत जाईं, करार भहरा जाई." जवळ जाऊ नका, काठ ढासळेल, असं त्याचं म्हणणं. पण इतकं आलो तर बघितलंच पाहिजे. तळाला राखाडी माती. तिच्यावर चुनखडीच्या पांढऱ्या खड्यांचा पट्टा, ज्याला आम्ही कंकर म्हणतो. त्यावर तांबूस माती आणि सगळ्यात वर पिवळी वाळू.

आणि काय सांगू, पुराने बिचाऱ्या काठाला मोडलंही आहे. तो पांढरा पट्टा एका जागी तुटलाय. प्रार्थनेला ओळीत उभ्या असलेल्या मुलांतली अर्धी एक पायरी खाली उतरून उभी राहावीत, तसा अर्धा पट्टा हातभर खाली गेला आहे. तांबूस मातीतूनही ती भेग तिरकी वर येते. पण गंमत म्हणजे पिवळ्या वाळूपाशी येऊन थांबते. पिवळा थर सरळ, सलग, जणू खाली काही घडलंच नाही. मला आपली घरं आठवली. खालच्या पिढीचं भांडण वरच्या पिढीला कुणी सांगितलेलंच नसतं.

टोटोवाल्याच्या मोबाइलवर फोटो काढून घेतला आणि तुझ्या नंबरावर पाठवायला सांगितला. हिच्याकडे बटणांचा फोन, त्यात काही येत नाही. ही परत येताना एवढंच बोलली, "तिथे वाळू आहे. पण आपण काढली तर पुन्हा काहीतरी चुकेल."

ती चुकीचं बोलली असं मला म्हणता आलं नाही.

तुझा
बिंदुमामाआजोबा

*

पुणे
३ ऑक्टोबर २०२५

ती. स्व. मामाआजोबा आणि ती. स्व. मामीआजी, दोघांना वाकून नमस्कार. टपाल आधी कोण फोडतं ते आता कळलं, म्हणून मामीआजी, आधी तुमच्यासाठी. तुमच्यावर माझा राग नाही. पहिले चार दिवस होता. मग आईला सांगितलं तर ती पलंगावर टाके धरून हसली आणि म्हणाली, "मामीने बुरशी आलेलं तसंच ठेवलं असतं, तर मी म्हटलं असतं मामी आजारी आहे." तेव्हा जेवा.

आता मामाआजोबा, तुमच्यासाठी. ते भांडणाचं वाक्य मी कितीदा वाचलं मला माहीत नाही.

पुराने काठाला भेग पाडली असती तर ती वरपर्यंत गेली असती. पिवळी वाळूही तुटली असती. तुम्ही लिहिता ती भेग पिवळ्या थराखाली थांबते. म्हणजे पट्टा आधी तुटला आणि पिवळी वाळू नंतर येऊन बसली. म्हणजे तो यंदाच्या पुराने मोडलेला नाही. फार पूर्वी, काठ अजून नदीचा तळ होता तेव्हा, खालची जमीनच हलली असावी. पाऊस पांढरा पट्टा कापून हातभर खाली नेत नाही, मामाआजोबा. भूकंप नेतो. भेगेने तुटलेल्या तांबूस मातीतली वाळू आणि तिच्यावरची पिवळी वाळू, दोन्हींचं वय मिळालं तर जमीन कधी हलली ते त्या दोन वयांच्या मध्ये सापडेल. मी इतकी वर्षं आडवाटेने जे सिद्ध करायला बघत होते ते तिथे भिंतीवर लिहिलेलं असेल.

असेल. कारण मी ते पाहिलेलं नाही. फोटो मिळाला. टोटोवाल्याने तुम्हा दोघांना अगदी मधोमध घेतलं आहे आणि भेग तुमच्या बरोबर मागे आहे. मामीआजींच्या डाव्या खांद्यावरून थोडासा पांढरा पट्टा दिसतो, बस.

तुमचं पत्र आणि फोटो सरांना दाखवले. सर म्हणाले, "उपमा म्हणजे पुरावा नव्हे." त्यांच्या मानाने हे भाषणच झालं. मग फोटो बराच वेळ बघून म्हणाले, "आजी छान आहेत." पत्र मात्र परत दिलं नाही. मागितलं तर म्हणाले, "राहू दे." तुमचं पत्र मी कुणाला देत नसते, मागून घेईन.

आई दिवाळीनंतरच काठी घेऊन चालू शकेल. तोवर मला हलता येत नाही. प्रयोगशाळेतली पाळी महिनाअखेरीची आहे, तीही जाईल. तरी काठ टिकला आणि पाळी पुढे ढकलून मिळाली तर मी येते. पण तुम्ही पुन्हा तिथे जायचं नाही. ताजा काठ सांगून कोसळत नाही. मला वय नको आहे, तुम्ही हवे आहात.

तुमची
ईशानी

*

संकठा घाट, वाराणसी
११ ऑक्टोबर २०२५

चि. ईशानी,

तुझं पत्र हिने वाचलं आणि त्या दिवशी पोटभर जेवली. वर म्हणाली, "राग होता असं लिहिलंय ते बरं केलं. नाही लिहिलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता."

तू जाऊ नका म्हणालीस आणि आम्ही गेलो. आधी रागावून घे, मग पुढचं वाच. लांबूनच बघितलं, रस्त्यावरून. मला फक्त खात्री करायची होती की पिवळा थर सलग आहे हे मी डोळ्यांनी पाहिलं, की कवितेच्या नादात मीच तो सलग करून टाकला. ती सवय मला आहे, तुझी मामीआजी ग्वाही देईल. मी मोतीबिंदू काढलेले डोळे पुसून पुसून पाहिलं, मग हिला विचारलं. ही म्हणाली, "सलग आहे. साडीच्या काठासारखा." दोघांचं एकमत सहसा होत नाही, तेव्हा खरं मान.

पण एक वाईट बातमी. तिथे दगडांच्या ट्रॉल्या येऊन पडल्या आहेत. काठाला दगडाची भिंत घालायचं काम सोमवारपासून सुरू होतंय. मी तिथल्या मुकादमाला म्हटलं, "दिवाली तक रुक जाइए भैया, एक लड़की को यहाँ से थोड़ी मिट्टी लेनी है." तो भला माणूस होता, हसला नाही. वर बोट दाखवून म्हणाला, "बाबा, ऊपर घर हैं. दिवाली तक एक और टुकड़ा गया तो?" वर खरंच घरं आहेत. एका घराची परसातली तुळस आता हवेत आहे, वृंदावनाचा अर्धा कट्टा गेला. एक बाई तिथूनच तिला पाणी घालत होती. तिथे वीणाचं घर असतं तर मीही म्हटलं असतं, आजच घाला भिंत.

येताना पुलावर टोटो थांबवली आणि नदीकडे बघत बसलो. लहानपणी आम्हाला सांगत, गंगा काशीला उत्तरेकडे वळते कारण तिला माहेर आठवतं. आता तू सांगतेस की हिमालयाच्या वजनाने इकडची जमीन उचलली गेली आणि ती त्यात अडकून बसली. मला दोन्ही पटतं. माहेरचा भार असतोच मुलीवर, तो लांबून कळतो. वीणाच्या पायाशी बसलेली तू हे माझ्याहून चांगलं जाणतेस. आणि हेही लिहितो की, शाळेत भूगोल शिकवायला लागलीस तर त्या मुली भाग्यवान. पण तू तिथे मन मारून जाऊ नयेस, एवढीच या म्हाताऱ्याची

थांब. ही पदराला हात पुसत दाराकडे गेली. मला दार वाजलेलं ऐकू येत नाही. ती उठली की समजायचं कुणी आलं. दूधवाला असेल.

दूधवाला नाही. दारात एक उंच, वाळका, पांढऱ्या खुंटांचा माणूस आहे. खांद्यावर लांबट पिशवी, तीत लोखंड आहे असं दिसतं. जिना नुकताच धुतलेला, म्हणून जोडे हातात घेऊन उभा. हिने विचारलं, "किससे मिलना है?" तो मराठीत काही म्हणाला, आणि हिने मग मोठ्याने मला सांगितलं, "देवव्रत म्हणताहेत. ईशानीचे सर."

मी लिहितोच आहे, कारण हात थांबत नाहीये. ते आत आले, खिशातून माझं पत्र काढलं, घडी पार झिजलेलं, आणि माझ्या चांगल्या कानाशी वाकून ओरडले, "पिवळा थर सलग आहे?" मी म्हटलं, "आहे." हिच्याकडे पाहिलं. ही म्हणाली, "आहे. पण सोमवारपासून भिंत घालताहेत." ते म्हणाले, "मग आजच." आणि जरा थांबून, "तिला सांगितलेलं नाही. काही निघालं नाही तर तिला दुसऱ्यांदा नको." तू तीन शब्दांचे सर म्हणाली होतीस. आज त्यांनी वर्षभराचे खर्च केले असावेत.

ही चहा टाकायला वळली, तेवढ्यात म्हणाली, "सर, ती वाळू मी—"

ते म्हणाले, "माहीत आहे." मग पिशवीतून एक जाड काळी चादर काढली आणि तिच्या हातात ठेवली. "आजी, नळी बाहेर काढताना वर ही धरावी लागते. उजेडाचा एक कवडसाही आत जाता कामा नये. मी ठोकीन. धरायला घट्ट हाताचं माणूस पाहिजे."

ही चादर छातीशी धरून उभी राहिली. मग आत जाऊन तिने गॅस बंद केला, आणि बाहेर आली तेव्हा तिच्या पायात चपला होत्या.